पडले की पाडले?

मी कामाला आहे त्या सोसायटीत शनिवारी अर्धा दिवस. दुपारी साडेबाराला मी कॅश टॅली करत होते आणि सत्तर रुपये कुठं गेले ते सापडत नव्हतं. तेवढ्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, वृद्धाश्रमातून फोन आला. "ताई, आप्पा जरा पडलेत की ओ. लागलंय थोडं, खरं काळजी करण्यासारखं काय नाही."

आमच्या बेळगावी मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या माणसाला ते ऐकून वाटतं की समोरचा शपथेवर सांगतोय. मला तसं वाटायचं कारण नव्हतं, तरी त्या दिवशी वाटलं. पडले म्हणजे पडलेच असणार. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, जुलैचा पाऊस, ओली फरशी.

आश्रम खानापूर रोडला आहे. नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत. गेले तर आप्पा कॉटवर बसलेले. डाव्या भुवईवर तीन टाके, त्यावर पिवळट औषध. मला बघून म्हणाले, "पाळी सुटली काय?" मी हो म्हटलं. शर्ट बदलायला म्हणून बाही वर केली, तर उजव्या दंडावर ओळीनं चार काळेनिळे डाग. आतल्या बाजूला पाचवा, जरा मोठा. माझा हात मी त्या डागांवर ठेवून बघितला. बोटं बरोबर बसली. माझ्या हातापेक्षा तो हात थोडा मोठा होता एवढंच.

जमिनीला बोटं नसतात.

मॅनेजर म्हणाले, बाथरूमला जाताना पडले. सिस्टर म्हणाल्या, त्या ड्युटीवर नव्हत्या. शेवटी मागं धुणं धुवायच्या दगडाजवळ एका मावशीनं पदर तोंडाला लावून सांगितलं, "पडले नाहीत ताई, पाडलं. बाजूच्या कॉटवरच्या कानडी अज्जांनी. कांबळ्यावरनं झालं. माझं नाव घेऊ नका." एका कान्याचा फरक. आपल्या भाषेची ही सोय मला त्या दिवसापर्यंत कधी एवढी टोचली नव्हती.

संध्याकाळपर्यंत बातमी घरभर. पुण्याहून भाऊ म्हणाला, पोलिसात जा. त्यानं ते तीनदा सांगितलं, येतो असं एकदाही म्हणाला नाही. मामा मात्र लगेच आले, रिक्षा करून. मामांनी १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात लाठी खाल्लेली आहे, खांदा अजून दुखतो पावसाळ्यात. त्यांनी टाक्यांचा फोटो बघितला, बाजूच्या कॉटवर कोण असतं ते विचारलं आणि निकाल देऊन टाकला. "कानडी माणसाच्या खोलीत ठेवलंसच कशाला? तिथंही आपल्याला दाबायला बघतात."

आमच्या गावात हे असं होतं. नळाच्या भांडणालाही १९५६ सालापासून, बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं तिथपासून, सुरुवात करावी लागते. मी मामांना हसत नाही, त्यांनी भोगलंय. पण हसू येण्यासारखं एक होतंच, ते मागाहून कळलं. आप्पांनी वडगावात चाळीस वर्षं माग चालवला. आजूबाजूला निम्मे विणकर कानडी. आप्पा कानडीत हिशेब करायचे, कानडीत भांडायचे, कानडीत उसने मागायचे. विसरण्याचा आजार, डिमेन्शिया, वाढला तशी ती भाषा आधी गेली. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मोठेपणी शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी पुसट होते आणि लहानपणची मागं उरते. अज्जा बैलहोंगलकडचे शेतकरी. त्यांना बाजारापुरती मराठी यायची, तीही गेली. दोन म्हातारे एका खोलीत, प्रत्येकाकडं आता एकच भाषा.

म्हणजे मामांचं बरोबर? नाही. कारण भांडण ज्या वस्तूवरून झालं तिला आपण कांबळं म्हणतो आणि कानडीत कंबळी. एक म्हणत होता "माझं कांबळं", दुसरा म्हणत होता "नंदु कंबळी". त्या दिवशी त्या खोलीत एवढं एकच वाक्य दोघांनाही पुरतं समजलं होतं.

सोमवारी मी अर्ज घेऊन गेले. अज्जांना दुसरीकडं हलवा, झालं ते लेखी द्या. मॅनेजरनी अर्ज वाचला, घडी घातली, म्हणाले, "तुम्हाला भरवसा नसेल तर घेऊन जावा की. आम्ही काय धरून ठेवलंय का?"

हे वाक्य ज्यानं ऐकलंय त्यालाच त्याचं वजन कळतं. घेऊन जावा, पण कुठं? दोन खोल्यांचं घर, मुलगी बारावीला, नवरा फिरतीवर, मी नऊ ते सहा. आप्पांनी दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा रात्री दोनला कपिलेश्वर पुलापर्यंत चालत गेले. बऱ्याच आश्रमांच्या फॉर्मवर अट असते, 'स्वतःचं स्वतः करणारे'. डिमेन्शिया हा शब्द उच्चारला की पुढचा माणूस वहीच मिटतो. भारतात साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के धरलं जातं, माणसं मोजायची तर सुमारे ८८ लाख. त्यांना ठेवायला कॉटा किती, याचा अंदाज कुणीही आपल्या गावावरून करावा.

त्या सोमवारी माझा आवाज का चढला नाही, तेही सांगते. आश्रमाचा फॉर्म मीच भरला होता. 'काही आजार?' या रकान्यात मी लिहिलं होतं: बीपी, शुगर, थोडं विसरतात. थोडं! स्वतःच्या बायकोचं बारावं जेवून उठल्यावर "ती कुठं गेली?" विचारणारा माणूस थोडं विसरतो. त्यांचं 'पडले' आणि माझं 'थोडं', दोन्ही एकाच मापाची होती. मी अर्जाची घडी परत घेतली आणि बाहेर आले.

रात्री झोप लागेना म्हणून फोनवर वाचत बसायचे. मला वाटत होतं हे आमच्याच वाट्याला आलंय. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा नर्सिंग होममध्ये काही संशोधकांनी २,०११ रहिवाशांवर चार आठवडे नजर ठेवली, २०१६ मध्ये ते छापून आलं. त्यांतले ४०७ जण रहिवाशांच्या आपापसातल्या अशा कुठल्या ना कुठल्या प्रकारात सापडले होते. पाचातला एक, फक्त एका महिन्यात. शिवीगाळ सगळ्यात जास्त, मग दुसऱ्याच्या खोलीत शिरणं, सामान उचलणं आणि मारहाण. अंगचटीला जाण्याचे प्रकारही होते, थोडे पण होते. आपल्याकडं आया मावशा 'आजोबा जरा असेच आहेत' म्हणून जे सोडून देतात आणि आश्रमवाले ज्याबद्दल घरच्यांना फोनही करत नाहीत, ते हेच. ऑस्ट्रेलियात २००० ते २०१३ या काळात एका रहिवाशाच्या हातून दुसरा दगावल्याच्या २८ घटना कोरोनरच्या, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदींतून काढल्या. गुंतलेल्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के लोकांना डिमेन्शिया. बऱ्याच जणांचा शेवट ढकललं आणि पडले असा. वाचून मी फोन उलटा ठेवला. भुवई आणि कानशील यांत किती बोटांचं अंतर असतं ते माझं मीच मोजलं.

कायदाही बघितला. आमच्या सोसायटीचे एक सभासद वकील आहेत, त्यांनी चहा पिता पिता दोन्ही बाजू सांगून टाकल्या. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताकडं न्यायाधिकरणात जाता येतं, पोटगी महिना दहा हजारांपर्यंत, आणि म्हाताऱ्याला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. जिल्ह्याला एक तरी वृद्धाश्रम काढावा, दीडशे निराधार राहतील एवढा, हेही त्यात आहे. हा कायदा बघतो तो मुलांकडं, शेजारच्या कॉटकडं नाही. आणि फौजदारीत गेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२: मनाच्या आजारानं आपण काय करतोय हेच ज्याला कळत नाही, त्याचं कृत्य गुन्हा होत नाही. "मग तक्रार कुणाविरुद्ध करायची?" मी विचारलं. "लक्ष ठेवायचं काम ज्यांचं, त्यांच्याविरुद्ध," वकील म्हणाले, "खरं मग आप्पांना ठेवणार कुठं?" परत तोच खरं. ज्येष्ठांच्या मदतीसाठीचा १४५६७ हा फुकटचा नंबर मी फ्रीजवर चिकटवून ठेवला. चिकटवल्यानं थोडं बरं वाटलं.

मॅनेजरनी एक केलं. अर्ज न घेताच आप्पांची खोली बदलली. नव्या खोलीत एक निवृत्त गुरुजी होते. स्वच्छ धोतर, शुद्ध मराठी, मामांच्या ओळखीचे निघाले. मामा खूश.

तीन आठवड्यांनी फोन आला. या वेळी कुणी 'पडले' म्हणालं नाही. "तुमच्या वडलांनी गुरुजींना तांब्या फेकून मारला. ओठ फुटलाय. त्यांचा मुलगा आलाय, तुम्ही या."

गुरुजींचा मुलगा बँकेत असावा, शर्ट तसा इन केलेला. तो ओरडला नाही, तेच वाईट झालं. म्हणाला, "तुमच्या वडिलांना इथून हलवा. आज माझ्या बाबांचा ओठ आहे, उद्या डोळा असेल." माझ्या अर्जातलंच वाक्य, भुवईच्या जागी ओठ. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "ते असे नव्हते हो. आयुष्यात कुणावर हात उचलला नाही." आप्पांनी खरोखरच उचलला नव्हता. पण पंधरा दिवसांपूर्वी अज्जांच्या सुनेनं मला अगदी हेच कानडीत सांगितलं होतं आणि मी तिच्याकडं पाठ फिरवून बसस्टॉपवर गेले होते.

ती सून त्या दिवशीही तिथंच होती, व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकावर. डब्यात सासऱ्यासाठी मऊ भात आणि आमटी. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं कानडी आणि मराठी घोटून विचारलं, "अक्का, फॉर्ममधी काय लिवलंतीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, तिच्या नवऱ्यानं लिहिलं होतं, 'वयामानाने'. आम्ही दोघी हसलो. असलं हसू बाहेरच्या माणसानं बघितलं तर त्याला राग येईल.

गुरुजींच्या ओठाला टाका पडला नाही. मी त्यांच्यासाठी कुंदा नेला, त्यांच्या मुलानं डबा घेतला आणि आभार न मानता ठेवून दिला. ते योग्यच केलं असं मला वाटतं.

वहीची कल्पना सुनेची. तिच्या माहेरी दुधाची वही असायची, किती शेर, कुठल्या वेळी, कुठल्या म्हशीचं. ती म्हणाली, यांचीही तशीच ठेवूया. वीस रुपयांची शंभर पानी वही आम्ही मावशींच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं: भांडण झालं तर किती वाजता, कुठं, आधी काय चाललं होतं. कुणाची चूक ते लिहायचं नाही. मावशी कानडी शाळेत शिकलेल्या, अक्षर बाळबोध. मला कानडी लिपी वाचता येते, आमच्या पिढीला शाळेनं तेवढं दिलं. तीन आठवड्यांत तेरा नोंदी झाल्या. दहा नोंदी संध्याकाळी साडेपाच ते सातमधल्या, आणि त्या दहांतल्या आठ दारात.

दार माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग एका संध्याकाळी मुद्दाम थांबले. बाहेर झड लागलेली, सहालाच अंधारून आलेलं, लाइट एकदा जाऊन आलेली. सहा वाजले आणि आप्पा उठले. बटणं लावली, खिशात नसलेली विडी चाचपली, दाराकडं निघाले. रात पाळी. वडगावात सहाला दिवसपाळीचे माग थांबायचे आणि आप्पा जागा घ्यायला जायचे. कुठल्याही खोलीत शिरून ते भिंतीला हात लावून बघत होते, माग सापडतोय का. त्याच वेळी अज्जा उठले. त्यांची गुरं परत यायची वेळ. पावसात डोक्यावरून घ्यायला खोळ पाहिजे म्हणून कांबळं शोधायचं आणि गोठ्याचं दार लावायचं. पॅसेजचं दार त्यांना गोठ्याचं वाटायचं. एकाला बाहेर पडायचं होतं, दुसऱ्याला दार लावून घ्यायचं होतं. दोघंही कामाला उशीर झालेली माणसं. मधे हात आला तर तो हात माणसाचा आहे हे बघायला वेळ कुठला?

पहिल्या भांडणाचंही तसंच. पावसात धुणं वाळत नाही म्हणून पॅसेजमध्ये दोरीवर दोन काळी कांबळी टाकलेली. वाळल्यावर ज्यानं उचलली त्यानं अदलाबदल केली. आप्पांचं माझ्या आजोळचं, कडेला पांढरा पट्टा असलेलं. आप्पा कापड डोळ्यांनी ओळखत नाहीत, बोटांनी ओळखतात. रात्री अंधारात त्यांच्या बोटांना कळलं की हे आपलं नाही. एवढं सगळं विसरलेल्या माणसाचं ते एक ज्ञान शाबूत होतं आणि त्यापायीच तीन टाके पडले.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी आधी लघवी तपासायला सांगितली. संसर्ग निघाला. आप्पांना दुखतंय असं सांगता येत नव्हतं, म्हणून तांब्या. म्हातारपणी लघवीचा संसर्ग कधीकधी आधी डोक्यात दिसतो, मग खाली, असं ते म्हणाले. बद्धकोष्ठही तसंच, दातही तसेच, ऐकू न येणंही तसंच. मॅनेजरांचं म्हणणं होतं की रात्रीची एक गोळी चालू करा, म्हणजे सगळ्यांनाच झोप. डॉक्टर त्याला तयार होईनात. अशा रुग्णांना या जातीची, म्हणजे मनोविकारावरची (अँटिसायकोटिक), औषधं दिली तर दगावण्याचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच पाकिटावर इशारा छापायला लावलाय. अगदीच गरज पडली तर थोडी, थोडे दिवस, असं ते म्हणाले. मी मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती हो होती की कसं, मला अजून कळलेलं नाही.

बदललं ते असं: साडेपाचला पॅसेजचे दोन्ही लाइट लावायचे. आप्पांना त्याच वेळी व्हरांड्यात खुर्ची, हातात सुताचं लडं आणि रिकाम्या कांड्या. मी वडगावातून एका बंद पडलेल्या मागाच्या मालकाकडून पिशवीभर आणल्या. ते भरत बसतात, मावशी रात्री उलगडून ठेवतात, दुसऱ्या दिवशी परत तेच. अज्जांना सून फाटकाची कडी लावायला घेऊन जाते, ती नसेल तेव्हा वॉचमन. फाटक लागलं की अज्जा स्वतःहून आत येतात. हे रोज होतं असं नाही. माणसं कमी, एका मावशीकडं अठरा म्हातारे, त्यातली एक रजेवर गेली की वहीत दोन-तीन नोंदी नक्की. बायकांच्या बाजूला काय चालतं ते मला माहीत नाही. तिकडं वही नाही. एकदा विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "बायका कुठं भांडतात?" सून आणि मी एकमेकींकडं बघितलं.

मामांना मी सगळं सांगितलं, दार, गोठा, पाळी. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मग त्या अज्जाला कानडीत कुणी समजावून सांगत का नाही?" हा बदलच म्हणायचा.

भाऊ दिवाळीत आला. आप्पांनी त्याला मालक समजून पगार मागितला. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढून दिली आणि बाहेर जाऊन बराच वेळ गाडीत बसला.

कांबळ्यांना खूण करायचं ठरलं तेव्हा रंगाचा प्रश्न आला. आमच्या गावात दोऱ्याचा रंगही विचार करून घ्यावा लागतो. तांबडा-पिवळा घेतला तर कानडी झेंडा होतो, भगवा घेतला तर मराठी. खडे बाजारातला दुकानदार म्हणाला, "काय लग्नाचं आहे काय ओ, एवढा विचार?" शेवटी आप्पांना निळा, अज्जांना पांढरा. रविवारी दुपारी आम्ही दोघी बाकावर बसून टाके घालत होतो. आप्पा आले, माझ्या हातातलं टोक घेतलं, अंगठ्यानं टाका चाचपला आणि नखानं उसवून टाकला. "गाठ अशी मारत्यात होय?" म्हणाले, आणि दोन बोटांत दोरा फिरवून विणकराची गाठ मारून दिली. बारीक, सपाट, हाताला न लागणारी. मग शेजारी ठेवलेलं अज्जांचं कांबळं ओढलं. सून दचकली, मीही अर्धी उठले.

आप्पांनी त्याच्याही कडेला पांढऱ्या दोऱ्याची तसलीच गाठ मारली आणि दात नाहीत हे विसरून दोरा तोडायला तोंडाकडं नेला.